माइक किंचाळला, पण चूक आवाजाची नव्हती!

"कुईऽऽऽ..."

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. संध्याकाळी हळदी-कुंकवाला आलेल्या पंधरा-वीस बायका आमच्या वेरूळच्या घरी, पुढच्या खोलीत दाटीवाटीनं बसलेल्या. धाकट्या दिरांनी गणपतीतच नवं मशीन आणलं होतं. चाकांवर ओढत न्यायचा मोठा स्पीकर आणि सोबत दोन बिनवायरचे माइक. मोबाइलवर गाण्याचं नुसतं संगीत लावायचं, शब्द टीव्हीवर बघायचे आणि गायचं आपण. कराओके म्हणतात ना, तेच! पोरींची दोन-तीन गाणी झाली आणि मग सगळ्याजणी आमच्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, मागं लागल्या.

आत्याबाईंचं वय अडुसष्ट. पण पहाटे काकड्याला बसल्या की आवाज शेजारच्या आळीत ऐकू जातो. माइक हातात धरायची मात्र ही आयुष्यातली पहिलीच वेळ. लाजत-लाजत उभ्या राहिल्या, माइक पार पोटाशी धरला. आवाज येईना म्हणून दिरांनी बटण फिरवलं. अजून थोडं फिरवलं. आणि मशीननं अशी काही किंकाळी फोडली की मांडीवरची लेकरं दचकून रडायला लागली. बायकांनी कानांवर हात ठेवले. मागून कुणीतरी फिस्सकन हसलंसुद्धा.

आत्याबाईंनी माइक खाली ठेवला. "राहू द्या माय. माझा आवाजच फुटका झालाय आता. मशीनलाबी सोसंना," एवढंच म्हणाल्या आणि पदर सावरत आत निघून गेल्या.

गोष्ट इथंच संपली असती तर मी हे लिहायला बसलेच नसते. पण दुसऱ्या दिवसापासून भाकरी थापतानाची त्यांची गुणगुण बंद झाली. विचारलं तर "घसा धरलाय". आठ दिवस झाले, पंधरा झाले, घसा काही सुटेना. मशीनवर चादर पडली आणि घर कसं सुनं-सुनं वाटायला लागलं. मैत्रिणींनो, ज्या बाईनं उभा जन्म गात-गात काढला, ती एका मशीनच्या शिट्टीनं गप्प बसली. मला ते काही केल्या पटेना.

माइकला कान असतो, अक्कल नसते

नवरात्रात गावातले एक जुने साऊंडवाले काका देवीच्या मंडपात मशीन लावायला आले होते. लग्नं, सप्ते, सभा यांत त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. त्या दिवशी मंगळवार होता. मंगळवारी लेणी बंद, त्यामुळे लेण्यांपुढं दुकान असलेले आमच्या घरचे पुरुषही घरीच होते. काकांना चहाला बोलावलं आणि चादर काढून मशीन दाखवलं. म्हटलं, "काका, हे कामून ओरडतंय? बिघडलंय का?"

काका हसले. "वहिनी, मशीन चांगलंय. माइकला कान असतो, अक्कल नसते. त्याला तुमचा आवाज कोणता अन् ह्या बॉक्सचा आवाज कोणता, काय कळायलंय? कानावर पडंल ते तो आत पाठवतो."

मग त्यांनी जे समजावलं, ते मी माझ्या शब्दांत सांगते. आपण गातो, तो आवाज माइकमध्ये जातो. मशीन तो मोठा करतं आणि स्पीकरमधून बाहेर सोडतं. तो मोठा झालेला आवाज खोलीत फिरून पुन्हा माइकमध्ये शिरतो. मशीन त्याला परत मोठं करतं. पुन्हा बाहेर, पुन्हा आत... गावात एखादी कुजबुज फिरते ना, तस्सं! आपण शेजारणीला पावशेर सांगितलेलं असतं, चार घरं फिरून ते आपल्याच दारात किलोभर होऊन येतं. साऊंडवाल्यांच्या भाषेत ह्याला 'फीडबॅक' म्हणतात. सोरेन लार्सन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञानं याचा अभ्यास केला, म्हणून काही देशांत याला 'लार्सन इफेक्ट' असंही नाव आहे.

हे सगळं किती झपाट्यानं होतं बघा. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर पळतो. माइक आणि स्पीकरमध्ये तीन मीटर अंतर असेल, तर एका सेकंदात शंभराहून जास्त फेऱ्या होतात. आता बचत गटातल्या बायकांना चक्रवाढ व्याज काही वेगळं शिकवायला नको! एका फेरीला आवाज फक्त दहा टक्क्यांनी वाढला असं धरलं, तरी शंभर फेऱ्यांचा हिशोब तेरा हजार पटींच्या वर जातो. तेवढी ताकद मशीनमध्ये नसते, म्हणून ते आपल्या जास्तीत जास्त जोरावर जाऊन अडकतं आणि किंचाळत राहतं. उलट एका फेरीला आवाज थोडा जरी घटत असेल, तर तो आपोआप विरून जातो. सगळा खेळ या एवढ्याशा फरकाचा आहे.

आणि ओरडताना एकच सूर का निघतो? न्हाणीघरात गुणगुणताना एखादाच सूर घुमतो, तुम्ही कधी ना कधी अनुभवलं असेलच. प्रत्येक खोलीचे, प्रत्येक स्पीकरचे असे काही लाडके सूर असतात. जो सूर सगळ्यांत जास्त उचलला जातो, तोच आधी सुटतो. म्हणजे त्या शिट्टीत आत्याबाईंचा सूर नव्हताच मुळी. ती आमच्या खोलीची आणि मशीनची शिट्टी होती.

लेण्यातला घुमारा आणि घरातली किंकाळी

हे ऐकताना मला आमच्या वेरूळचं १० नंबरचं लेणं आठवलं. विश्वकर्मा लेणं. छताला लाकडी वासे असावेत तशा दगडाच्या फासळ्या कोरल्यात, म्हणून लोक त्याला 'सुताराची झोपडी' म्हणतात. साधारण सातव्या शतकातलं, वेरूळमधलं हे एकुलतं एक चैत्यगृह. तिथं स्तूपापुढं उभं राहून कुणी नुसता 'ॐ' म्हटलं किंवा बुद्धवंदना म्हटली, तरी आवाज कितीतरी वेळ छताखाली फिरत राहतो. अंगावर काटा येतो. मग तिथं शिट्टी का वाजत नाही?

कारण दगड आवाज परत देतो, पण त्यात स्वतःची भर घालत नाही. प्रत्येक वेळी आदळताना आवाज थोडा-थोडा कमीच होतो आणि शेवटी शांत होतो. घरात मात्र प्रत्येक फेरीला भर घालायला वीज बसलेली असते. घुमारा हळूहळू विझतो, फीडबॅक वाढत जातो. दोन्हींत फरक आहे तो हाच.

पण लेण्याकडून एक गोष्ट शिकता येते. कडक, गुळगुळीत भिंती आवाज पीत नाहीत. आपली घरं काय वेगळी आहेत? खाली फरशी, चारी बाजूंना सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब नाहीतर पत्रा. आवाज चेंडूसारखा उड्या मारत पुन्हा माइकमध्ये येणारच!

आमचं नेमकं काय चुकलं होतं?

काकांनी दहा मिनिटांत आमच्या चार चुका काढल्या.

पहिली चूक जागेची. आमच्याकडे स्पीकर जोडायचं बटण दाराजवळ, टीव्ही समोरच्या भिंतीला. शब्द वाचायला गाणारी टीव्हीकडे तोंड करून उभी राहायची, त्यामुळे स्पीकर तिच्या बरोबर पाठीमागं. माइकचं तोंड आपल्या तोंडाकडे, म्हणजेच मागच्या स्पीकरकडेही! आवाज थेट त्याच्या कानात. यावर इलाज काय, तर जास्तीची वायर. स्पीकर पुढं नेला, टीव्हीच्या बाजूला, आणि बायका बसतात त्या दिशेला वळवला. गाणारी त्याच्या थोडी मागं आणि बाजूला. बहुतेक माइक समोरचं जास्त आणि पाठीमागचं कमी ऐकतात. म्हणून स्पीकरला माइकचं तोंड दाखवायचं नाही, शेपूट दाखवायचं. अर्धं काम इथंच झालं.

दुसरी चूक अंतराची. आणि मैत्रिणींनो, ही खास आपली, बायकांची चूक आहे! आपल्याला मोठ्यानं बोलायचीच सवय नाही, तर माइक तोंडाशी धरायची कुठून असणार? लाजून आपण तो छातीशी, नाहीतर पोटाशी धरतो. मग माइकला आपला आवाज कमी आणि खोलीचा आवाज जास्त ऐकू जातो. कुणीतरी बटण वाढवतं, मशीन ओरडतं, आपण अजून लाजतो, माइक अजून लांब जातो. खरं म्हणजे ओठांपासून दोन बोटांवर माइक धरायचा. एक वीत लांब धरलेला माइक दोन बोटांवर आणला, तर त्याच गळ्यातला आवाज माइकपाशी चौपट किंवा त्याहूनही जोरकस पोचतो. म्हणजे बटण तेवढं खाली आणता येतं. मोठ्यानं ओरडायची गरजच नाही.

तिसरी चूक दुसऱ्या माइकची. एक माइक आत्याबाईंच्या हातात आणि दुसरा चालूच, दिवाणावर पडलेला. तोही आपला कान उघडा ठेवून बसला होता की! जितके माइक उघडे, तितका धोका जास्त. ज्यात कुणी गात नाही, तो बंद करायचा. आणि माइक कधी स्पीकरच्या डोक्यावर ठेवायचा नाही.

चौथी चूक 'इको'च्या बटणाची. आवाज घुमला की आपल्याला स्टुडिओत गात असल्यासारखं वाटतं, म्हणून पोरं ते बटण पार टोकाला नेऊन ठेवतात. पण इको म्हणजे तुमचाच आवाज मशीननं पुन्हा-पुन्हा वाजवणं. मुळात आवाज खोलीत फिरतोय, त्यात मशीन आणखी भर घालणार. भाजीत मीठ घालतो तसं बेतानं घाला.

बटणांची लावणी

मग काकांनी सगळी बटणं शून्यावर आणली आणि दिरांना सांगितलं, "आता हळूहळू माइकचं वाढव." वाढवता-वाढवता एका जागी बारीक 'ऊँऽऽ' सुरू झालं. "थांब. ही झाली लक्ष्मणरेषा. आता हिच्या चांगलं खाली ये." तिथं माइकची जागा ठरली. त्यानंतर गाण्याचं संगीत वाढवलं, पण गाणारीच्या आवाजाखाली राहील इतपतच. आपण नेमकं उलटं करतो. आधी संगीत दणदणीत लावतो, मग आवाज ऐकू येईना म्हणून माइक वाढवतो, आणि भांडणाला सुरुवात होते.

तरीही कुरबूर राहिली तर कानानं ओळखायचं. शिट्टी बारीक, टोचणारी असेल तर ट्रेबलचं बटण थोडं कमी. भोपळ्यासारखा घूंऽऽ आवाज असेल तर बेसचं कमी.

खोलीसाठीचा इलाज तर आपल्या घरातच असतो. खाली सतरंजी, खिडकीला जाड पडदा आणि गाणारीच्या समोरच्या भिंतीवर एखादी वाकळ टांगली तरी फरक पडतो. आमच्या आजेसासूंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ पेटीत पडून होती, तिला असं काम लागलं! पातळ चादरीनं मात्र फारसं होत नाही. जाडी हवी. आणि वाकळ भिंतीवरच बरं का, मशीनवर टाकायची नाही. ते आतून तापतं.

एक गंमत सांगते. माइक ओरडायला लागला की आपण पटकन त्याच्या जाळीवर तळहात ठेवतो. तो आणखी जोरात ओरडतो! जाळी झाकली की माइकची समोरचं-मागचं वेगळं करायची ताकद जाते आणि तो चहूबाजूंनी ऐकायला लागतो. टीव्हीवरचे गायक जाळी मुठीत पकडून गातात, ते बघून आपली पोरंही तसंच धरतात. त्यांना दांडी धरायला सांगा. ओरडलाच तर माइकचं बटण बंद करायचं, नाहीतर आवाज खाली आणायचा. बस्स.

लहान मुलांना वाढदिवसाला देतात तो दांडीतच स्पीकर असलेला माइक तुमच्याकडे असेल, तर त्याचं दुखणं वेगळं. त्यात बोलणारा आणि ऐकणारा एकाच घरात राहतात, हातभर अंतरसुद्धा नाही. तो अर्ध्या आवाजावरच चालवायचा, भिंतीला चिकटून गायचं नाही.

हीच शिट्टी दुसरीकडेही

हे कळल्यावर मला घरातली आणखी दोन कोडी सुटली. मामंजींचं कानाचं मशीन अधूनमधून बारीक शिट्टी मारतं. आम्ही समजायचो सेल संपला. पण तोही फीडबॅकच! कानातला आवाज फटीतून बाहेर येऊन मशीनच्या माइकमध्ये शिरतो. कानात बसवायचा भाग सैल झाला असेल किंवा कानात मळ साचला असेल तर असं होतं. घरी काडी घालत बसू नका, मशीन जिथून घेतलं तिथं किंवा कानाच्या डॉक्टरांना दाखवा. कितीतरी म्हातारी माणसं या शिट्टीला कंटाळून मशीन पेटीत टाकतात आणि मग कुणाशी बोलेनाशी होतात.

दुसरं कोडं २०२० च्या लॉकडाऊनमधलं. दोन्ही मुलं एकाच खोलीत बसून दोन मोबाइलवरून नात्यातल्या एकाच व्हिडिओ कॉलला जोडली गेली की मोबाइल किंचाळायचे. एकाचा स्पीकर, दुसऱ्याचा माइक! एक बंद केला की शांत.

रिकामा वाद्यवृंद

कराओके हा शब्द जपानी. अर्थ 'रिकामा वाद्यवृंद', म्हणजे वादक आहेत, गायकाची जागा रिकामी. दाइसुके इनोए या जपानी वादकानं १९७१ साली कोबे शहरात असं मशीन तयार केलं. त्यानं पेटंट घेतलं नाही, त्यामुळे त्यातून मिळू शकणारा अमाप पैसा हातचा गेला. २००४ साली त्याला गमतीच्या 'इग नोबेल' पुरस्कारांतला शांततेचा पुरस्कार मिळाला. लोकांना एकमेकांना सहन करायची नवी रीत शिकवली म्हणून! आमच्या शेजाऱ्यांना हे सांगितलं, तर ते पोट धरून हसले.

शेजाऱ्यांवरून आठवलं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला मनाई आहे. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची. आणि कुणाच्या घरी बारावीचं पोर अभ्यासाला बसलं असेल, तर त्याला नियमाची वाट कशाला बघायची?

कोजागरीची रात्र

सव्वा महिन्यानं कोजागरी आली. गच्चीवर बायका जमल्या. स्पीकर एका कोपऱ्यात, तोंड बायकांकडे. गाणाऱ्यांची जागा त्याच्या मागं. आत्याबाई "मला नगं माय, मागच्या बारीला शोभा झाली" म्हणून कठड्याला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. म्हटलं, "आत्याबाई, त्या दिवशी तुमचा आवाज मशीनपर्यंत पोचलाच नव्हता. ते स्वतःचाच आवाज ऐकून ओरडलं." काकांनी सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे मी गायच्या आधीच ते बोंबललं व्हय?"

"हो ना!"

"मग मला आधीच सांगायचं की गं. मी महिनाभर घसा दाबून बसले."

खरं सांगते, मला स्वतःचीच लाज वाटली. त्या दिवशी सगळ्यांनी कानांवर हात ठेवले, पण 'तुमची चूक नाही' हे एकीनंही म्हटलं नव्हतं. मीसुद्धा.

माइक त्यांच्या हातात दिला, दोन बोटांवर धरून दाखवला. पहिल्या ओळीला हात थरथरला. दुसऱ्या ओळीला गच्ची शांत झाली. मशीननं हूं की चूं केलं नाही. एकामागून एक तीन भजनं झाली. खालच्या आळीतल्या दोघी-तिघी आवाज ऐकून वर आल्या.

दहा वाजले तसं दिरांनी मशीन बंद केलं. दूध अजून आटत होतं. आत्याबाईंनी माइक बाजूला ठेवला आणि थांबल्याच नाहीत. जात्यावरच्या ओव्या सुरू केल्या, हळू आवाजात, तशाच. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या, हे मी कधीतरी वाचलं होतं. त्यातल्या एकीच्याही हातात दळताना माइक नव्हता. बायका सरकून-सरकून आत्याबाईंजवळ आल्या, कारण आता जवळ बसल्याशिवाय ऐकू येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापायचा आवाज आला, आणि त्याच्यासोबत गुणगुणही.

तुमच्याकडेही असं मशीन चादरीखाली पडलंय का? आणि घरातली एखादी बाई 'घसा धरलाय' म्हणतेय का? मग मशीन बाहेर काढा. आणि तिला आधी सांगा, की चूक तिच्या आवाजाची नव्हती.

चटकन लक्षात ठेवा

• स्पीकर गाणारीच्या पुढं, तोंड ऐकणाऱ्यांकडे. पाठीमागं कधीच नको.
• माइक ओठांपासून दोन बोटांवर. धरायची ती दांडी, जाळी नाही.
• वापरात नसलेला माइक बंद. स्पीकरवर किंवा समोर ठेवू नका.
• आधी माइकचा आवाज ठरवा, मग संगीताचा.
• इको बेतानं. बारीक शिट्टीला ट्रेबल कमी, घूं आवाजाला बेस कमी.
• खाली सतरंजी, भिंतीला जाड वाकळ.
• ओरडला तर हात ठेवू नका, बटण बंद करा.
• रात्री दहानंतर मशीन झोपवा. गाणं चालू ठेवलं तरी चालेल!